तिसरं आवतान

मिताली तिसऱ्या देवाशी अडकली ती अडकलीच.

"गावदेवीला आवतान जालं," मनिषा म्हणाली. "मारुतीला जालं. आता कोन?"

"एकवीरा."

"एकवीरा डोंगरावर हाय गो. तिथवर जायला अजून वेल हाय. आता कोन?"

मिताली गॅलरीच्या जाळीतून खाली पाहू लागली. खाली सोसायटीची पोरं सायकली फिरवत होती. वर एक विमान उतरायच्या बेतात होतं, पोट जमिनीला घासेल इतकं खाली. मायलेकींच्या मधे सूप होतं, सुपात तांदूळ होते, आणि तांदळाच्या कडेला मनिषानं ठेवलेली एक सुपारी बिचारी तिसऱ्या देवाची वाट बघत बसली होती.

मनिषा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी यायच्या आधीचं सगळं लग्न धवलारीणच धवले गाऊन लावते. मांडव उभा राहिला की ती गाते, हळद फुटली की गाते, आणि सगळ्यांच्या आधी ती गाण्यातून देवांना बोलावते. एकेका देवाला एकेक आवतान. क्रम ठरलेला. एखादा देव सुटला किंवा मागचा पुढं आला, की मांडवातल्या म्हाताऱ्या एकमेकींकडं बघतात, आणि त्यांचं ते बघणं लग्न संपलं तरी संपत नाही.

चैत्र सरला की मनिषाच्या नणंदेच्या घरी लग्न होतं. त्या मांडवात मितालीला शेजारी बसवायचं, तिच्या तोंडून पहिली पाच आवतानं म्हणवून घ्यायची, असं मनिषानं मनाशी धरलं होतं. आणि त्यामागं आणखी एक गोष्ट होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती.

सातवीच्या वर्गशिक्षिकेनं तिला शाळेत बोलावून घेतलं होतं. मिताली तोंडी विचारलं तर सगळं सांगते, त्या म्हणाल्या, पण वाचताना ओळी गाळते, फळ्यावरचं उतरवून घेताना मागं पडते, आणि एकापुढं एक असं काही लक्षात ठेवायला सांगितलं की गोंधळते. एकदा तपासून घ्या. तलावाजवळ केंद्र आहे. आई-वडील दोघांनी यायचं, घरची माहिती भरून द्यायची.

कल्पेश, मितालीचा म्हणण्यापेक्षा सगळ्या सोसायटीचाच 'पप्पा', कारण त्याचा आवाज तळमजल्यापर्यंत जायचा, तो ऐकूनच उसळला होता. "डोक्याचा दाखला काढायचा? माझ्या पोरीचा? उद्या स्थळ बघायला गेलो की लोक दाखला मागतील आधी!" त्याचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरावर चालायचे. दिवसभर ड्रायव्हरांशी बोलून बोलून त्याचं घरातलं बोलणंही हॉर्न दिल्यासारखं झालं होतं.

तो भांडणाच्या तयारीनं बसला होता, पण मनिषा म्हणाली, "नको तर नको." इतक्या पटकन, की तोच चपापला.

तिला त्या केंद्राची भीती होती. माहिती भरून द्यायची म्हणजे कुणीतरी कागद पुढं सरकवणार, पेन देणार. मनिषाला वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं ओळखीची होती, पण ओळखीची माणसं गर्दीत दिसावीत तशी; एकाचा हात धरेपर्यंत दुसरं हरवायचं. दुकानं ती पाटीच्या रंगावरून ओळखायची. शाळेचे निरोप फोनला बोलून दाखवायला लावायची. आणि कुणी काही पुढं केलंच, तर एक वाक्य तिच्या ओठांवर कायम तयार असायचं: "चष्मा घरी राहिला बघा."

म्हणून तिनं ठरवलं होतं. माझ्या आईनं मला शाळेतून काढलं, मीही हिच्या शाळेचा नाद सोडीन. जमेल तेवढी शिकेल. गळा आहे, कान आहे. धवला तिला तारील, जसा मला तारला.

"आता कोन गो?" तिनं पुन्हा विचारलं.

"खंडोबा?"

"परवापासून त्येच! एकदा आयकून मी पाठ करायची. तुला किती येला सांगायचा? मठ्ठ हायस काय?"

शब्द सुपातल्या तांदळावर पडला आणि तिथंच राहिला.

मिताली उठली. रडली नाही. "शाळेत पण हेच म्हणतात," ती म्हणाली. "तू राहिली होतीस फक्त." आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं, आवाज न करता. तो न झालेला आवाज मनिषाला फार मोठा ऐकू आला.

ती एकटीच सुपापुढं बसून राहिली. तो शब्द तिनं या आधी एकदाच इतक्या जवळून ऐकला होता.

गावची शाळा. कौलांतून उन्हाचे पैसे जमिनीवर पडलेले. गुरुजींनी तिला धडा वाचायला उभं केलेलं, आणि तिचं बोट पहिल्याच शब्दावर, चिखलात पाय रुतावा तसं. मागची पोरं फिदीफिदी. गुरुजी म्हणाले, "खाली बस, मठ्ठ. मिठागरावर जा, पाय भाजून घे." गुरुजी वाईट नव्हते. त्यांच्याकडं दुसरा शब्दच नव्हता.

आणि खरंच दुसऱ्या दिवशी तिची आई मिठागरावरून तशीच आली. वेणू तिचं नाव. खाडीकाठच्या सगळ्या गावांची धवलारीण. पोटऱ्यांपर्यंत मिठाचं पांढरं वाळलेलं, काष्टा ओला. दारातच उभी राहिली.

"गुरुजी, तुमची मठ्ठ पोर मना द्या," ती म्हणाली. "मी बगीन तिचा काय करायचा ता."

पोरं पुन्हा हसली, पण वेगळं हसली. वेणूच्या पायांच्या पांढऱ्या ठशांची रांग वर्गाच्या दारापासून पार बांधापर्यंत उमटत गेली आणि तिच्या मागं मागं मनिषा. त्या वाटेवर आपण केवढ्या आनंदात होतो, ते तिला अजून आठवतं. शाळेचं दार कायमचं लागतंय हे त्या आनंदात ऐकूच आलं नव्हतं.

पुढची गोष्ट घराण्यात शंभरदा सांगून झालेली होती. वेणूची पोर एकदा ऐकायची आणि धवला पाठ. पोरीच्या कानात देवी बसलीय. मांडवात बायका सांगायच्या, मनिषाही सांगायची, सांगता सांगता तिला ती गोष्टच आठवणीसारखी वाटायला लागली होती.

तिनं हलक्या आवाजात स्वतःशीच धवला धरला.

पयलं आवतान गो गावदेवी आईला
हलदीचं बोट लावू तुज्या पाईला
दुसरं आवतान गो येशीच्या मारुतीला
त्याल मी घालीन तुज्या वातीला

आणि इथं तिची उजवी टाच उचलली गेली. फरशीवर टेकलेला पाय आपोआप डावीकडं वळला.

ती थबकली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. गावदेवीपाशी पाय सरळ. मारुतीपाशी सरळ. मारुती संपला की टाच उचलून डावीकडं.

हे ती नेहमीच करत होती की काय? मांडवात बसल्या बसल्या, लुगड्याखाली, कुणाला न दिसता? तिनं डोळे मिटले आणि पाय जाईल तिकडं जाऊ दिला.

पाय आगरात गेला. आगर म्हणजे मिठागर. त्यावरूनच तर आगरी. हिवाळ्यातलं आगर, पहाटेचं धुकं उठून गेलेलं, चौकोनांमागून चौकोन पाण्यानं भरलेले आणि प्रत्येक चौकोनात एकेक आभाळ. मधून पायवाटेइतके अरुंद बांध. पहिल्या बांधावर वेणू उभी. "हितं कोन ऱ्हाते? गावदेवी. तिला नमस्कार कर, मग फुडं." दुसऱ्या बांधावर मारुती. त्याच्या टोकाला डावीकडं वळलं की उघाडी. भरतीचं पाणी आगरात घ्यायचं आणि अडवायचं ते लाकडी दार. फळ्यांवर शेवाळ, खाली पाण्याचा गुडगुड आवाज. तिथं चेडोबा. खाडीचा राखणदार.

तिसरं आवतान गो उघाडीच्या चेडोबाला
भरतीचं पानी दे र आमच्या आगराला

आणि मग तिला तेही आठवलं जे गोष्टीत कुणी सांगत नव्हतं. की ती सुद्धा विसरायची. चेडोबाच विसरायची! दुसऱ्या बांधाच्या टोकाला येऊन उभी राहायची, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. आणि वेणू फावडं टेकून थांबायची. खाली मीठ धरत असायचं, मुकादम हाका मारायचा, "वेणूबाय, काय देवाची वाट बगतेस काय?" तर ती म्हणायची, "व्हय, तीच बगतंय." एक हिवाळा गेला, दुसरा गेला. रोज तेच बांध, तेच वळण, देव पायांत उतरेपर्यंत. एकदा ऐकून? एकदा ऐकून तिला काहीच कधी आलं नव्हतं.

आईनं मला शिकवलं ते थांबून. आणि मी?

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दुपारी शाळा सुटल्यावर मनिषानं मितालीला रिक्षात घातलं.

"कुठं चाललोय?"

"तुला आगर दाखवतो."

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग लागलेली. रिक्षावाला धुळीला आणि ट्रेलरला एकाच दमात शिव्या घालत त्यांना एका लांबलचक भिंतीपाशी सोडून गेला. भिंतीपलीकडं कंटेनर एकावर एक रचलेले, निळे, तांबडे, गंजके. मनिषा भिंतीच्या कडेनं चालू लागली, जमिनीकडं बघत.

"हितं आमचा पयला बांद. नाय, जरा फुडं. ह्या खांबापाशी असंल."

"आई, इथं काही नाहीये."

"हाय गो. ह्याच्या खाली हाय. ह्या लाल डब्याच्या खाली उघाडी, तिथं चेडोबा…"

वॉचमन खुर्चीवरून उठला. "मावशी, कुणाला शोधताय?"

"चेडोबाला," मिताली म्हणाली.

वॉचमननं आत वळून पाहिलं. "कुठल्या गाडीवर आहे तो?"

मितालीला हसू फुटलं. मनिषालाही. दोघी भिंतीला टेकून हसल्या, तोंडावर पदर आणि ओढणी धरून, धूळ डोळ्यांत जाईपर्यंत. मग हसणं ओसरलं तेव्हा मनिषाचे डोळे पुसून संपेनात.

"मी तुला खोटा सांगितला काल," ती म्हणाली. "मना एकदा आयकून कायसुद्धा यायचं नाय. चेडोबा तर कदीच नाय. आय मना हितं चालवायची. एका बांधाला एक देव. दोन हिवाळे चालवली. मग कुटं बसले देव."

मिताली भिंतीकडं बघत होती. "म्हणजे तू अजून इथंच चालतेस? गाताना?"

"हां."

"पण हे तर तुझ्या डोक्यात आहे. माझ्या डोक्यात कुठंय आगर?"

एक ट्रेलर गेला, त्याची हवा दोघींच्या अंगावरून गेली.

"आई," मिताली म्हणाली, "तुला वाचता येत नाही ना?"

मनिषाचं तोंड आपोआप तयार झालं. "चष्मा…"

"तुला चष्माच नाहीये."

किती सोपं होतं ते. घरात चष्म्याची डबी नाही, पुसायचं फडकं नाही. इतक्या वर्षांत एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, आणि या पोरीच्या, जिला तीन देव लागोपाठ आठवत नव्हते, तिच्या आली होती.

"कवापासून माहीत हाय तुला?"

"चौथीपासून. म्हणून तर मी तुला बोलून मेसेज पाठवते. मला वाटलं तू लाजशील." मग ती खाली बघत म्हणाली, "तुला पण अक्षरं पळाल्यासारखी वाटतात? मी एक धरली की दुसरी जाते."

मनिषानं तिचा हात धरला. मान हलवली. खूप वेळ हलवत राहिली.

केंद्रात जायचं, हे तिनं त्या रात्रीच्या जेवणात आमटी वाढता वाढता सांगून टाकलं. कल्पेश ताटावरून उठायच्या बेतात होता, पण मिताली म्हणाली, "पप्पा, मला जायचंय," आणि त्याचा सगळा हॉर्न घशातच राहिला.

केंद्र जुन्या पनवेलात, तलावासमोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. वसुंधरा मॅडम पन्नाशीच्या, केस आखूड, टेबलावर रंगीत ठोकळे आणि चहाचा अर्धा कप. मितालीला त्यांनी पलीकडच्या खोलीत सहकारी मुलीबरोबर बसवलं आणि यांच्याकडं वळल्या.

"मी विचारते, तुम्ही सांगा. मीच लिहिते," त्या म्हणाल्या, आणि मनिषाच्या मुठीतला घाम जरा सुकला. जन्माच्या वेळी काही त्रास? बोलायला कधी लागली? कानाचं, डोळ्यांचं काही? कल्पेश प्रत्येकाला "नाय, काय नाय" म्हणत होता, नाक्यावर पोलिसाला सांगावं तसं.

"घरात आणखी कुणाला वाचायला-लिहायला त्रास? आई, वडील, मामा, आत्या?"

"नाय," कल्पेश म्हणाला. "आमच्याकडं असलं काय नाय. सगळी ठीक हायत."

पेन कागदावर टेकलं. 'नाही' लिहायला किती वेळ लागतो? मनिषाला वाटलं, हे लिहून झालं की दार लागलं. त्या कौलारू शाळेचं लागलं होतं तसंच, आवाज न होता, आणि आपणच आनंदानं बाहेर पडलेलो असू.

"थांबा," ती म्हणाली. "मना हाय."

कल्पेश वळला. "काय हाय?"

"मना वाचता येत नाय. ल्हानपनापासून. शालेत होतो तवा पण नाय आला."

कल्पेशच्या चेहऱ्यावर आधी राग येऊ बघत होता, मग तो वाटेतच कुठंतरी चुकला.

"म्हणजे हॉटेलात," तो हळूच म्हणाला, "तू नेहमी म्हणायचीस, तुमच्या आवडीचं मागवा…"

"हां."

"मला वाटायचं प्रेम हाय."

"ता पन होता," मनिषा म्हणाली.

वसुंधरा मॅडमना हसू आवरेना, त्यांनी कपातला गार चहा पिण्याचं निमित्त केलं. मग कप खाली ठेवून सावकाश बोलल्या. मितालीचं नक्की काय ते तपासणी पुरी झाल्यावरच सांगता येईल. पण असं घराण्यात उतरू शकतं. नाक उतरतं तसं. बुद्धी कमी आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. कानानं ऐकलेला आवाज आणि डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर यांची गाठ पटकन बसत नाही. काहींना एकामागून एक असा क्रमही धरून ठेवता येत नाही. औषध नाही यावर. पण शिकवायची पद्धत असते. बोटांनी, पायांनी, ठोकळ्यांनी, पुन्हा पुन्हा. आणि वेळ द्यावा लागतो. दहावीच्या पेपरला तो हक्कानं मागता येतो, त्यासाठी दाखला.

"पायांनी?" मनिषानं विचारलं.

"चालून, उड्या मारून. मुलं शिकतात तशी."

"माजी आय धवलारीन होती. ती मना बांधावर चालवायची."

वसुंधरा मॅडमनी पेन उचललं होतं, ते पुन्हा खाली ठेवलं. "कशी, ते सांगाल मला?"

मनिषानं सांगितलं. सांगताना तिची टाच फरशीवर वळत होती आणि या वेळी तिनं ती झाकली नाही.

"मोठ्यांनाही शिकता येतं," निघताना मॅडम म्हणाल्या. "वेळ जास्त लागतो. तुम्हाला वाटलं तर."

"बगू," मनिषा म्हणाली. पण कल्पेशनं लगेच विचारलं, "कुठल्या वारी असतं?" आणि मग आपणच विचारलं याचं आश्चर्य वाटून तो गाडी काढायच्या निमित्तानं खाली पळाला.

मिताली दमून बाहेर आली. पुढच्या आठवड्यात परत यायचं होतं. "कंटाळा आला," ती म्हणाली. "पण कुणी घाई नाही केली."

दोघी जिना उतरू लागल्या. जुना जिना, झिजलेल्या पायऱ्या, प्रत्येक वळणावर एक खिडकी आणि खिडकीत तलावाचा तुकडा. पहिल्या वळणावर मिताली थांबली.

"आई, इथं गावदेवी ठेवू?"

मनिषाला कळायला क्षणभर लागला. "ठेव."

मिताली कठड्याला हात लावून गुणगुणली, *पयलं आवतान गो गावदेवी आईला*. खालच्या वळणावर मारुती. तिथं भिंतीवर शेंदरासारखा डाग होता, तो तिला आवडला. आणखी खाली तिसरं वळण. खिडकीत पाणी दिसत होतं, दुपारच्या उन्हात हलणारं. ती उभी राहिली. ओठ हलले, थांबले.

मनिषाच्या जिभेवर नाव आलं होतं. तिनं ते दाताखाली धरलं. खाली मीठ धरत होतं, मुकादम हाका मारत होता, आणि बांधावर वेणू फावडं टेकून उभी होती, पोटऱ्यांपर्यंत पांढरी.

खालून एक गृहस्थ भाजीच्या दोन पिशव्या घेऊन धापा टाकत वर आले. जिना अरुंद. "जाऊ द्या की हो, ताई."

"दोन मिंटं थांबा, दादा," मनिषा म्हणाली. "देव येतोय."

गृहस्थांनी पिशव्या पायरीवर टेकवल्या. खालून कल्पेशनं हॉर्न दिला, एकदाच, आणि मग तोही गप्प झाला. मिताली खिडकीतल्या पाण्याकडं बघत होती, आणि तिची टाच, तिच्या नकळत, डावीकडं वळत होती.